निम्मा कण

अंजनगाव सुर्जीजवळच्या वावरात प्रीतमला तो कण सापडला. बरं, सापडला नाही असं धरून चालू.

प्रीतम अमरावतीला पीएचडी करत होता. विश्वाच्या हिशेबात जे वस्तुमान आहे पण दिसत नाही, ते एका अतिहलक्या कणाचं असावं, असा अंदाज आहे. कण कुणी पाहिलेला नाही. पाहिला नाही म्हणूनच त्यावर पीएचडी मिळते. शहरात मोबाईलचा गोंगाट, म्हणून त्याने तांब्याचा डबा आणि चुंबक वडिलांच्या वावरातल्या मोटारीच्या खोलीत मांडले. कण असलाच तर डब्यात रेडिओसारखी बारीक कुरकुर उठणार होती. ती उठली.

"शेजारचं झटका मशीन बंद करून परत ऐक," गाईड म्हणाले. "तरी कुरकुर राहिली तर प्रबंधावर सही. नाही तर विषय बंद."

झटका मशीन म्हणजे रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणारं. ते उत्तमरावकाकांचं. वाटणीपासून काका प्रीतमच्या घराशी फक्त कोर्टात बोलत.

"काका, एक रात्र झटका बंद ठेवा."

"कावून?"

"कण शोधून रायलो."

"दिसते?"

"नाई."

"वजन?"

"नसल्यासारखंच."

"मंग हाये कशावरून?"

"बेरीज जुळत नाई, म्हणून."

"तुह्या बापानं वाटणी केली तवापासून माही बी जुळत नाई." काका दोन वावरांमधल्या धुऱ्यावर थुंकले, बरोब्बर प्रीतमच्या बाजूला. "सापडला त अर्धा माहा."

प्रीतमने कबूल केलं. नसल्यासारख्या वजनातलं अर्धं द्यायला त्याचं काय जात होतं?

सकाळी काकांचा हरभरा डुकरांनी साफ केलेला होता. डबा मात्र चिडीचूप. कुरकुर झटक्याचीच होती. कण गेला, सही गेली, चार वर्षं गेली.

काका धुऱ्यावर उभेच होते.

"सापडला?"

"नाई काका. तो नवताच."

काकांनी त्याला खालून वर पाहिलं. "वाटणीच्या येळेस तुह्या बापानं बी विहिरीले पाणी नाई म्हनलं होतं."

त्या कणाच्या असण्याबद्दल तसूभरही शंका नसलेला असा एकच माणूस उरला होता, आणि तो सोमवारी तहसीलला गेला. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं: "तरी पुतण्याने लपवून ठेवलेल्या सदर कणाची सरकारी मोजणी करून, त्याचा उत्तरेकडील निम्मा हिस्सा अर्जदाराच्या नावे सातबाऱ्यावर चढवण्यात यावा, ही नम्र विनंती."