चौकटीत पंधरा मिनिटं

"हात दिसू द्या, मिस्टर झेलनिक," लॅपटॉपच्या पडद्यावरची बाई म्हणाली. "आणि ती पट्टीसुद्धा. दोन्हीतलं एक जरी चौकटीबाहेर गेलं, तरी कोविडची तपासणी रद्द."

मर्व्हिनने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पट्टी मधोमध. नाकात काडी फिरवून झाली होती, बाटलीतले तीन थेंब टाकून झाले होते. आता पंधरा मिनिटं नुसतं बसायचं आणि टॅमी नावाच्या या बाईने कुठल्यातरी दूरच्या खोलीतून त्याच्याकडे बघत राहायचं.

न्यू जर्सीच्या कोटांच्या कारखान्यात मर्व्हिनने चाळीस वर्षं मुकादमी केली होती. कोण संडासात किती वेळ बसतं, हे तो घड्याळ लावून बघत असे. आता त्यालाच घाईची लागली होती.

"मध्ये उठता येतं का?"

"नाही, सर."

"दोन मिनिटं?"

"नाही."

"माझ्या कारखान्यात तुला लगेच घेतली असती," मर्व्हिन म्हणाला.

गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून तो या फ्लॅटमध्ये अडकला होता. नवव्या मजल्याच्या गॅलरीतून बंदर दिसायचं. दर शुक्रवारी मोठ्या बोटी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून निघायच्या आणि तो खुर्चीतून त्यांना नावं ठेवायचा. त्याची बायको रोनाही अडकली होती, पण ते त्याच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. ती हाकेच्या अंतरावर असायची. हाक तो पाच मिनिटांनी एकदा मारायचा.

महिन्यापूर्वी टपालातून बोटीच्या सफरीचं रंगीत माहितीपुस्तक आलं, तेव्हाच त्याने ओळखलं.

"मला न विचारता ठरवलंस?"

"हो," रोना म्हणाली. "चौदा दिवस."

एक दिवस तो घुमा बसला. दुसऱ्या दिवसापासून तो बोटीवर जायचंय म्हणून सगळ्या मजल्यावर सांगत सुटला.

नियमांची अकरा पानं होती. ती रोनानेच वाचली. मर्व्हिन म्हणाला, थोडक्यात सांग. तिने थोडक्यात सांगितलं. दोन दिवसांच्या आतली तपासणी लागते. ती कुणाच्यातरी नजरेसमोर करावी लागते. दाखला नसेल तर दारातूनच परत पाठवतात. मग त्याने बाकीचं विचारून घेतलं होतं. जेवण पाचला. दुपारी तीनला बिंगो. डॉक्टर चोवीस तास. मनगटाला नावाचा पट्टा बांधतात, तो काढायचा नाही. कपडे सगळ्यांचे एकत्र धुतात, म्हणून तिने त्याच्या चड्ड्यांवर शाईने नाव घातलं होतं.

"समुद्र दिसतो का खोलीतून?"

"खिडकीशी उभं राहिलं तर दिसतो, म्हणाले."

"खिडकीशी उभं राहायला आपण पैसे भरलेत का?" एवढं बोलून त्याने तो विषय संपवला होता.

आता त्याच्या मागून बॅगेची चाकं घरंगळल्याचा आवाज आला. त्याला वळता येईना.

"रोना, कुठेस?"

"इथेच."

तिची तपासणी काल शेजारच्या डॉटीकडे झाली होती. एकाच वेळी दोघांची करता येत नाही, एका चौकटीत एकच माणूस. हा नियम मर्व्हिनला मूर्खपणाचा वाटला होता. बावन्न वर्षं दोघं एकाच चौकटीत काढली होती, कुणी हरकत घेतली नव्हती.

"किती राहिली?" त्याने टॅमीला विचारलं.

"आठ मिनिटं. नाक खाजवू नका, सर."

"हे बघ पोरी, यात दोन रेघा आल्या ना, तर पुढचे चौदा दिवस मी चार भिंतींत सडणार. तेच छत, तेच सूप. माणूस वेडा होतो. एवढं बघ जरा."

टॅमी म्हणाली की रेघा तिच्या हातात नसतात.

तेवढ्यात रोना वाकून त्याच्या शेजारी पडद्यावर दिसू लागली. तिने नवी टोपी घातली होती. मर्व्हिनने टोपीला नावं ठेवली. तिने ती सरळ केली.

"मी पुढे होते," ती म्हणाली. "माझी वेळ साडेअकराची आहे. तुला न्यायला माणसं येतील, चाकांची खुर्ची घेऊन. त्यांच्याशी नीट वाग."

"नवरा-बायकोला वेगळ्या वेळा? कसला कारभार."

"त्यांनी दिल्यात तशा घ्यायच्या."

"आणि गोळ्या?"

"तुझ्या बॅगेत. सकाळच्या, रात्रीच्या वेगळ्या केल्यात. वर चिठ्ठी आहे."

तिने त्याच्या टकलावर ओठ टेकले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मर्व्हिनला उठून तिच्या बॅगेचं कुलूप तपासायचं होतं. टॅमी म्हणाली, सर, बसा. तो बसला.

"जाऊन माझी जागा धर," तो म्हणाला.

दार लागलं. पाच मिनिटांनी त्याने सवयीने हाक मारली, मग स्वतःशीच हसला. बंदरावर भोंगा वाजला. त्याने पट्टीवर डोळे रोखले. एक रेघ. दुसरी नाही. अजूनही नाही.

"वेळ झाली," टॅमी म्हणाली. "पट्टी कॅमेऱ्याजवळ धरा. निगेटिव्ह. अभिनंदन, सर."

मर्व्हिनने टेबलावर थाप मारली. त्याच क्षणी बेल वाजली. दाराला कडी नव्हती. पांढऱ्या शर्टातली दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन आत आली आणि हसून गुड मॉर्निंग म्हणाली. एकाने त्याची तपकिरी बॅग उचलली, दुसऱ्याने मनगटाला पट्टा बांधला. बोट फार मोठ्या कंपनीची असावी.

"आता तरी उठू?" त्याने टॅमीला विचारलं.

"एकच मिनिट. दाखला वाचून दाखवायचा नियम आहे, चूक असेल तर सांगा. नाव, मर्व्हिन झेलनिक. वय, एक्याऐंशी. तपासणीचं कारण, 'शांत किनारा' वृद्धाश्रमात तात्पुरता प्रवेश. मुदत, चौदा दिवस, म्हणजे पत्नी बोटीवरून परत येईपर्यंत."