आइसलँडची पाहुणी

"आली! आई, तीच ती!"

स्कॉटलंडातल्या तळ्याकाठी माझा चाळिशीचा लेक दुर्बीण डोळ्यांना लावून पोरासारखा नाचत होता. ही रानहंसीण दर हिवाळ्यात आइसलँडहून इथे येते. तिच्या पायातल्या पिवळ्या कड्यावरचा नंबर याला तोंडपाठ आहे. तिच्यासाठी रजा टाकून तो पहाटेपासून थंडीत उभा होता.

"एवढ्या लांबून उडत येते बिचारी. कुणी घ्यायला नको?"

माझा नुसता जळफळाट झाला.

"सोमवारी मीपण उडतच आले रे, सहा वर्षांनी. रजा मिळत नाही म्हणून मला घ्यायला टॅक्सी पाठवलीस!"

त्याने दुर्बीण खाली घेतली. माझ्याकडे नीट बघितलं. काही बोलणार, तोच तळ्यावरून ती ओरडली.

दुर्बीण पुन्हा वर गेली.