दाढेच्या बदल्यात

"कलाकारांना आपणच जगवायचं," म्हणत दाताच्या डॉक्टरांनी एका दाढेला एक चित्र असा भाव ठरवला. विकायचं नाही म्हणून ठेवलेलं एकच चित्र माझ्याकडे उरलं होतं, तेच नेलं: आई, जाण्याआधीच्या हिवाळ्यात, लाल स्वेटर घालून खुर्चीत बसलेली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला, मग चित्र निरखलं. "छान आहे रे. लाल तेवढा फार झालाय, पेशंट घाबरतात. झाकूया?" मी जिवाच्या आकांतानं "आँ, आँ" केलं. "बघ, तुलाही पटलं!" त्यांनी बाहेरची खोली रंगवणाऱ्या रंगाऱ्याला हाक मारली. दाढ निघाली. बाहेर आलो तर चित्र भिंतीवर होतं. खुर्चीत आईच्या जागी भिंतीचाच रंग. "सही वाचवलीय हं," रंगारी अभिमानानं म्हणाला. "पुढच्या दाढेला असंच काहीतरी शांत आण," डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. पुढची दाढही ठणकत होती.