लोडातला कापूस

प्राध्यापक श्रीपाद खांबेटे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. डोंबिवलीच्या मेहेंदळ्यांना वाटलं, पाहुण्यांना थंडी वाजत असावी. मे महिना होता.

खरं कारण त्यांच्या बायकोला, सरोजबाईंना, ठाऊक होतं. ठाण्याहून निघतानाच त्यांनी नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं, की हात मोकळे सोडायचे नाहीत. भिंग आणि मोजपट्टी काढून घेतली होती. काळा कोटसुद्धा घालू दिला नव्हता, कारण काळ्या बाहीवर कापसाचे तंतू स्वच्छ दिसतात. खांबेटे कॉलेजात तंतू मोजायला शिकवत. त्यांनी सांगितलेल्या लांबीवर मुंबईतल्या गिरण्या सूत काढायच्या यंत्रांचे रूळ बसवत. तिथे त्यांचा शब्द चाले. फक्त मुलीचं लग्न जमत नव्हतं.

कळव्याला त्यांनी मुलाच्या आईच्या पदराचा एक धागा ओढला, काडीनं पेटवला आणि हुंगून सांगितलं, "जळक्या कागदाचा वास येतोय. हे रेशीम नव्हे." नौपाड्याला मुलाच्या धोतरावर भिंग धरून इंचात किती धागे बसतात ते मोजलं. धोतर तेव्हा मुलाच्या अंगावर होतं.

हे तिसरं स्थळ. "हेही मोडलंत," सरोजबाई म्हणाल्या होत्या, "तर चित्राचं लग्न तुमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राशी लावा."

मुलगा, गुरुदत्त, समोर बसला होता. रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढायचा. शर्टाच्या खिशातून पोलादी पट्टी डोकावत होती. चित्रा वडिलांशेजारी, लोडाच्या दुसऱ्या अंगाला. तिची एक बट सारखी कानावर येत होती.

"आकडा कुठे पाडलास केसांतला?" सरोजबाई कुजबुजल्या.

तेवढ्यात मुलाचे वडील, अण्णा, म्हणाले, "असे अवघडून काय बसलात? टेका की!"

खांबेटे टेकले. कोपराशी लोडाची शिवण उसवली होती. कापूस बाहेर आला होता.

आधी उजवा हात सुटला. मग डावा. खांबेट्यांनी चिमूटभर कापूस ओढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणला, एकावर एक ठेवला, पुन्हा ताणला. तंतू शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. आता खाली काहीतरी काळं हवं होतं. शेजारी अण्णांनी आपली काळी टोपी काढून ठेवली होती. खांबेट्यांनी ती पुढे ओढली आणि तंतू तिच्यावर निजवले.

गुरुदत्तनं खिशातली पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली.

"आभारी आहे," खांबेटे वर न बघता म्हणाले. "पाऊण इंच... छे, तेवढाही नाही. हा कापूस नव्हेच. गिरणीतला केर आहे."

"गेल्या दिवाळीला नवा कापूस घालून भरलाय लोड," मुलाची आई, लक्ष्मीबाई, म्हणाल्या.

"मग पिंजाऱ्यानं फसवलंय तुम्हाला."

"पिंजारी माझ्या माहेरचा आहे."

"म्हणजे बरीच वर्षं फसवत असणार."

लक्ष्मीबाई उठल्या. "कळवू आम्ही," म्हणाल्या. अण्णा टोपी झटकत दारापर्यंत सोडायला आले.

स्टेशनच्या बाकावर तिघं ठाण्याच्या गाडीची वाट बघत बसली. सरोजबाई नवऱ्याकडे पाठ करून.

"चित्रा, मी खरंच आवरले होते गं हात," खांबेटे म्हणाले. "पण कापूस आधीच बाहेर आलेला." डोळे पुसायला त्यांनी खिशात रुमाल शोधला. हाताला गुरुदत्तची पट्टी लागली.

"अगं बाई! आता चोरीसुद्धा!" सरोजबाईंनी कपाळाला हात लावला.

चित्रानं पट्टी वडिलांच्या हातातून काढून घेतली. मग पर्समधून केसांचा आकडा काढला. त्याच्या टोकाला कापूस अडकला होता.

"बाबा, शिवण मी उसवली."

गाडीची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

"कळव्याला त्या बाईंच्या पदराचं कौतुक कोणी काढलं होतं? मीच ना? त्यांना माझी शाळेतली नोकरी नको होती. नौपाड्याच्याला कमी शिकलेली हवी होती. मी नको म्हटलेलं तुम्ही ऐकलं असतंत थोडंच? म्हणून बाबांचे हात वापरले."

खांबेट्यांनी आपल्या हातांकडे कुतूहलानं पाहिलं. ही उपकरणं आणखी कोणी वापरत असेल, हे त्यांना नवीन होतं.

"आणि ह्या मुलानं काय घोडं मारलं होतं तुझं?" सरोजबाई कडाडल्या.

"काहीच नाही. माहीतच नव्हता. म्हणून आधीच उसवून ठेवली." चित्रानं पट्टी पर्समध्ये नीट ठेवली आणि पर्स मिटली. "ही परत द्यायला येत्या रविवारी मी जाणार आहे."

"कुठल्या तोंडानं? आणि शिवण तू उसवलीस हे त्याला कळलं तर?"

"आकडा लोडात होता तेव्हाच त्यांनी मला पाहिलं, आई," चित्रा म्हणाली. "पाहिलं, आणि मग बाबांना पट्टी दिली."