उरलेली साखळी

वर्षश्राद्धाची खीर अजून कोमट होती, तेवढ्यात माझ्या ताईने पर्समधून एका स्थळाचा फोटो काढला. माझी बायको जाऊन पुरतं वर्ष होईपर्यंत ताई थांबली, हे तिचे उपकारच.

कोपऱ्यात बारावीतली लेक जीवशास्त्र मोठ्याने पाठ करत होती. डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि प्रत्येक साखळी नवी जोडीदार घडवते. फोटो दिसताच ती वाचायची थांबली. घरात नवी आई येणार का, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"ऐकलंस?" ताई मला म्हणाली. "निसर्गसुद्धा कुणाला एकटं ठेवत नाही."

"हो ना. पुस्तकातच वधूवर सूचक मंडळ उघडलंय," मी म्हणालो. "पोरी, हे सुटणं कुठून सुरू होतं गं? टोकापासून?"

"नाही बाबा, मधेच कुठेतरी. ठरलेल्या जागी. जिथे जोड कच्चे असतात तिथे."

"मग आत्याने जागा बरोबर हेरली."

लेक हसली नाही. "पण आत्या, नवी साखळी आपल्या मनाने नाही करता येत. उरलेली साखळी पाहून एकेक तुकडा जुळवत जातात. जी सुटून गेली, अगदी तशीच व्हावी लागते."

"ताई, मग या फोटोतल्या बाईंना विचारून घे," मी म्हणालो. "स्वतःचा चष्मा स्वतःच हरवून माझ्यावर खेकसता येतं का?"

ताईने फोटो परत पर्समध्ये टाकला. "तसली दुसरी कुठून आणू रे? त्या एकीनेच मला वीस वर्षं छळलं," ती म्हणाली, आणि आमच्या आधी तीच रडायला लागली.