पाहुण्यांची ओळख

सोमवारी सकाळी अकरा वाजता महिपतराव शाळेत आले आणि रुपालीने पुढे केलेलं अनंताचं फूल त्यांनी घेतलं नाही. नको असंही म्हणाले नाहीत. टेबलाकडे नुसतं बोट दाखवलं. रुपालीने फूल टेबलावर ठेवलं. नाझिया बाईंना वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे, सत्कारबित्कार आवडत नसतील.

आणीबाणीला पंचवीस वर्षं झाली होती. हातखंब्याहून आत असलेल्या त्या गावातून तेव्हा एकच माणूस तुरुंगात गेला होता. लोकशाहीसाठी गावोगाव सभा घ्यायचा, म्हणून पकडला आणि दीड वर्ष येरवड्यात ठेवला. सातवीच्या मुलांना तो माणूस प्रत्यक्ष दाखवावा, ही कल्पना नाझिया बाईंची. भाट्याहून बदली होऊन त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते.

कल्पनेमागे त्यांचा एक अंदाज होता. रुपालीशी वर्गात कोणी बोलत नसे. तिच्या वडिलांनी, खंडूने, ग्रामपंचायतीला अर्ज भरला होता. गावकीने, म्हणजे देवळात बसणाऱ्या गावच्या बैठकीने, उमेदवार आधीच ठरवले होते. निवडणूक बिनविरोध व्हायची होती. खंडूने अर्ज मागे घेतला नाही. तो पडला आणि त्याचं घर वाळीत पडलं. त्या घराशी जो बोलेल त्याला दंड. मुख्याध्यापकांनी बाईंना एवढं सांगितलं आणि पुढे म्हणाले, "गावचा मामला आहे, बाई. आपण गणित शिकवावं."

बाईंनी गणित शिकवलं, आणि पाहुण्यांची ओळख करून द्यायला रुपालीला उभं केलं. मतासाठी तुरुंगात गेलेला माणूस या पोरीशी चार शब्द बोलला, तर बाकीची पोरंही बोलतील. अंदाज एवढाच होता.

रुपाली न अडखळता बोलली. टाळ्या एकट्या बाईंनी वाजवल्या.

मग महिपतराव बोलायला उभे राहिले. बोलले चांगले. मुलं ऐकत होती. शेवटी बाईंनी प्रश्न विचारायला सांगितले, तसा सर्वेश उठला. त्याला गप्प बसवत नसे.

"आजोबा, तुरुंगात मच्छी मिळायची?"

"मच्छी? आमटीत डाळ सापडली तर दिवाळी, मेल्या!"

वर्ग हसला. मुख्याध्यापकही हसले.

"मारलं काय तुम्हाला?"

"मारलं नाही. एकदा मी तंडलो म्हणून निराळ्या कोठडीत घातलं. एकट्याला. शिपाईसुद्धा बोलायचा नाही. ताट सरकवायचा नि जायचा. मार परवडला, पोरांनो. माणसाशी माणूस बोलला नाही की आतून कुजतो तो."

सर्वेश अजून उभाच होता. त्याने रुपालीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"मग बैठकीत तुम्ही हिला तीच शिक्षा का दिलीत?"

नाझिया बाईंना आधी उलगडा होईना. कोणी दिली? त्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक फरशीकडे पाहत होते. मग बाईंची नजर टेबलावरच्या फुलाकडे गेली. देवळातल्या बैठकीत खांबाला टेकून बसणारा, ज्याचा शब्द शेवटचा, तो माणूस त्यांनी स्वतः घरी जाऊन बोलावून आणला होता.

"ते वेगळं," महिपतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिथे वरून हुकूम आला होता. इथे सगळ्या गावाने हात वर करून ठरवलं. त्याला बहुमत म्हणतात. विचार तुझ्या बाईंना."

बाईंना हे चूक वाटलं. चूक नेमकी कुठे, ते सापडेना. बहुमत तर होतंच. गेल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहून तोच शब्द शिकवला होता. मुलं त्यांच्याकडे बघत होती आणि त्या खडूचा तुकडा या हातातून त्या हातात घेत होत्या.

"आमच्या बाबांना बोलावलं होतं त्या बैठकीला?"

रुपालीने विचारलं. जागेवरच उभी राहून, मान वर करून.

महिपतराव तिच्याकडे न बघता सर्वेशकडे वळले.

"तिला सांग..."

"मी कसा सांगू?" सर्वेश घाबरला. "आमच्या बाबांना दंड पडेल!"

मागच्या बाकावर कोणी तरी खुदकन हसलं. रुपाली पाहुण्यांपासून चार हातांवर उभी होती आणि तिच्यापर्यंत निरोप न्यायला अख्ख्या वर्गात माणूस नव्हता. बाई गावच्या नव्हत्या, त्यांना दंड नव्हता. त्या पुढे झाल्या.

"मी सांगते. काय सांगू?"

महिपतरावांनी वाक्य पुरं केलं नाही. कोपऱ्यातली छत्री उचलली आणि चहा न घेता निघून गेले.

"तुमची परत बदली होणार, बघा," मुख्याध्यापक म्हणाले.

मंगळवारी सकाळी सर्वेशने बातमी आणली. काल दिवेलागणीला महिपतराव खंडूच्या गडग्याशी, अंगणाच्या दगडी कुंपणाशी, उभे होते. आत गेले नाहीत. पुढचं काय, ते गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. खंडूला विचारायची बंदी, आणि महिपतरावांना विचारायची छाती नाही.

मधल्या सुट्टीत नाझिया बाईंनी रुपालीला जवळ बोलावलं.

"काल आजोबा आले होते तुमच्याकडे?"

"आले होते. गडग्याबाहेर उभे होते."

"बोलले?"

"आमच्याशी नाही, बाई. दारातल्या फणसाकडे तोंड करून बोलत होते. किती तरी वेळ."

"काय म्हणत होते?"

रुपालीने खांदे उडवले.

"आईला ऐकायचं होतं. बाबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, फणसाशी बोलतायत ना, फणस ऐकेल."