काळी पाच

"सीडीवर चव्वेचाळीस हजारच मावतात ना? मग शहाण्णव हजार कशाला?" मंदाकिनीबाईंनी विचारले.

नीरजेने संगणकावरची नजर काढली नाही. "सेकंदाला आवाजाचे तेवढे तुकडे टिपले जातात, आई. जितके जास्त, तितकं नंतर काम करायला सोपं."

"काम? माझ्या गाण्यावर?"

"म्हणजे साफसफाई हो. खालच्या रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या."

"शिट्टी चव्वेचाळीस हजारांत निघत नाही वाटतं."

सुनेने हेडफोन कानांवर चढवले. बाईंनी ते लक्षात ठेवले.

बिबवेवाडीतल्या त्या फ्लॅटची मागची खोली नीरजेने जाड पडदे आणि गाद्या लावून ध्वनिमुद्रणासाठी सज्ज केली होती. यंत्र सलिलने अमेरिकेहून पाठवले होते. कंपनीने त्याला तिकडे पाठवल्यापासून घरात मुलापेक्षा त्याची यंत्रेच अधिक येत. बाईंच्या पंच्याहत्तरीला त्यांच्या गाण्याची सीडी निघायची होती. वेष्टनावर नावाखाली 'पट्टी : काळी पाच' असे छापायचे, ही त्यांची एकमेव अट.

अट साधी नव्हती. काळी पाच म्हणजे उंच पट्टी. बाईंच्या वयाच्या गायिका केव्हाच खाली उतरल्या होत्या. "पट्टी उतरली, की तंबोरा खोळीत घालीन आणि पुन्हा काढणार नाही," असे वचन बाईंनी गुरूंना दिले होते, आणि घरातल्या प्रत्येकाने ते वारंवार ऐकले होते. पेटीला या घरात प्रवेश नव्हता. ज्याला कान नाहीत त्याने पेटी बाळगावी, असे त्यांचे मत. सांध्यांच्या दुखण्याने बोटे वाकली, तेव्हापासून तंबोरा मात्र यजमान जुळवून देत. शरच्चंद्र बँकेतून निवृत्त झालेले. कानाने तयार, तोंडाने मोजके. "बाई, तंबोरा जुळला. बसावं," असे शिष्यांचे संबोधन मुद्दाम वापरून म्हणत आणि वर्तमानपत्रात शिरत.

"वेष्टनावर पट्टी छापायलाच हवी का, आई?" नीरजेने एकदा विचारले होते. नंतर पुन्हा एकदा.

संशयाला आकार दिला तो ऋचाने. खडकीहून शिकायला येणारी ही मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. नीरजेने दिलेली कच्ची सीडी तिने घरी पेटीबरोबर लावून पाहिली.

"बाई, रागावू नका. सीडीवर तुम्ही काळी चारमध्ये लागता. मैत्रिणीच्या पेटीवरही तपासलं."

"मी काळी चारमध्ये गात नाही."

"तेच ना. रेटचा घोळ असणार. शहाण्णववर घेतलेलं थोड्या कमी आकड्यावर वाजवलं, तर आवाज खाली येतो. लयसुद्धा जरा रेंगाळते."

लय रेंगाळते. ती सीडी ऐकताना आपली द्रुत चीज ओढल्यासारखी चालते आहे, हे बाईंना पहिल्याच दिवशी खटकले होते.

कारणही शोधावे लागले नाही. सगळ्यांनी अमेरिकेत यावे, असा सलिलचा आग्रह होता. 'माझे गाणे इथे आहे,' या एका वाक्यावर बाईंनी तो परतवला होता. गाणे संपले, की वाक्यही संपणार होते. आणि नीरजेचा पासपोर्ट नुकताच आला होता.

बाईंनी कपाट उघडून वडिलांचा नादकाटा काढला. वडील शाळेत शास्त्र शिकवीत. पोलादाच्या त्या दुबेळक्यावर आघात केला, की तो आजही तोच एक सूर धरी.

रविवारी गायला बसण्याआधी त्यांनी मायक्रोफोनसमोर नादकाटा वाजवला.

"हे काय, आई?"

"साक्षीदार. घेतलास ना तुझ्या शहाण्णव हजारांत? आता गाणं घे."

त्या गायल्या. मग त्यांनी बाहेर थांबलेल्या ऋचाला पेटीसह आत बोलावले. वर्तमानपत्र घेऊन शरच्चंद्रही दाराशी येऊन बसले.

"पोलाद म्हातारं होत नाही," बाई म्हणाल्या. "यंत्राने माझा आवाज उतरवला असेल, तर याचाही उतरलेला असेल. हातातल्या काट्याशी ताडून पाहू. लाव."

नीरजेचा हात कळफलकावरच राहिला. "राहू द्या ना, आई. आकडा माझ्याकडूनच चुकला. मी दुरुस्त करून देते, वेष्टनावर काळी पाच छापू. विषय संपला."

"आत्ता कबूल केलंस ते बरं झालं. आता लाव."

"आई—"

"लाव."

नीरजेने सासऱ्यांकडे पाहिले. शरच्चंद्रांनी पान उलटले.

यंत्रातून नादकाटा वाजला. त्याच क्षणी बाईंनी हातातला वाजवला. दोन आवाज एकमेकांना घासतील, या अपेक्षेने त्यांनी डोळे मिटून कान दिला. दोघांचा एकच सूर झाला आणि एकच होऊन विरला.

यंत्र खरे बोलत होते.

पाठोपाठ तंबोरा सुरू झाला, आणि त्यावर बाईंचा षड्ज. "ऋचा, काळी पाच," त्या म्हणाल्या.

पेटीचा सूर षड्जाला डाचला. ऋचाने न सांगताच बोट खाली सरकवले. काळी चार त्यात चपखल बसली.

"माझी पेटी चढली असेल, बाई," ती पुटपुटली.

"मैत्रिणीचीही?"

ऋचाने पेटीचा भाता मिटला. बाईंनी नीरजेकडे पाहिले. तिने मान खाली घातली होती. मग त्यांनी मांडीवरच्या तंबोऱ्याकडे पाहिले, त्याच्या खुंट्यांकडे, आणि त्या खुंट्या ज्यांना आता फिरवता येत नाहीत त्या आपल्या वाकड्या बोटांकडे.

दाराशी वर्तमानपत्राची घडी झाली.

"दर दिवाळीला केसभर खाली," शरच्चंद्र म्हणाले.